खो देणे आणि खो घालणे

मराठी भाषेने खो-खोवर थोडा अन्यायच केला आहे. एखाद्याच्या योजनेत अडथळा आणला, की आपण म्हणतो, त्याने 'खो घातला'. कचेरीतली फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली, की म्हणतो, यांचा खो-खो चालला आहे. शाळेच्या संघातून चार वर्षे खेळलेल्या मला हे नेहमीच खटकत आले आहे. कारण मैदानावर खोचा अर्थ नेमका उलट असतो.

खेळाची रचनाच पाहावी. आठ जणी मधल्या पाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववी धावते. पळणारीला सारे मैदान मोकळे. पाठलाग करणारीला मात्र, पारंपरिक नियमांनुसार, मधली पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा घेतली की खुंट गाठेपर्यंत मागे वळता येत नाही. पळणारी पलीकडे गेली, की पायांतला सारा वेग निरुपयोगी ठरतो. मग पलीकडे तोंड करून बसलेलीच्या पाठीला हात लावायचा, मोठ्याने 'खो' म्हणायचे आणि तिच्या जागी बसायचे. खो देणे ही आपल्या मर्यादेची कबुली असते, आणि ती वेळेवर द्यावी लागते.

आमच्या बाईंनी संघभावनेवर कधी व्याख्यान दिले नाही. 'जिंकायचे' हे उद्दिष्ट सर्वांचे असते, म्हणून ते कोणाचेच नसते. आम्ही ठरवले होते ते एवढेच, की तिघींची पहिली तुकडी तीन मिनिटांत बाद करायची. हे प्रत्येकीला मोजता येत असे. सराव संपला की गोलात बसून प्रत्येकीने केवळ स्वतःच्या खोविषयी बोलायचे: कुठे उशिरा दिला, कुठे मिळण्याआधीच उठले. दुसरीचे नाव घ्यायचे नाही. संघातली सर्वांत वेगवान मुलगी आठवडाभर गप्प राहिली. मग एका संध्याकाळी म्हणाली, "गडी मलाच मिळावा म्हणून मी खो लांबवते." त्यावर कोणी काहीच बोलले नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तिचे खो लवकर येऊ लागले. बाईंच्या वहीत गडी बाद करणारीच्या नावाशेजारी तिला खो देणारीचेही नाव असे.

जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. प्रियांका इंगळेच्या महिला संघाने नेपाळला ७८-४०, तर प्रतीक वाईकरच्या पुरुष संघाने नेपाळलाच ५४-३६ असे हरवले. अशा सामन्यांच्या वृत्तांतात गडी कोणी टिपले हे येते. शेवटचा खो कोणी दिला, हे सहसा येत नाही. मला बाईंची वही आठवते ती अशा वेळी.

सामूहिक जबाबदारी ही पुष्कळदा लपण्याची जागा होते. समित्यांच्या बैठकांत बसणाऱ्या आपणा शिक्षकांना ते वेगळे सांगायला नको. खो-खोत जबाबदारी नऊ जणींची असते खरी. पण कोणत्याही क्षणी ती एकीच्याच पायांत असते आणि सगळ्यांना दिसते. उरलेल्या आठ जणींचे बसणेही विश्रांतीचे नसते. कचेरीतल्या खो-खोत फाइल पुढे सरकते आणि देणारा मोकळा होतो. मैदानावर खो देणारी बसते, पण मोकळी होत नाही. पुढचा खो तिच्याच पाठीवर पडू शकतो.