डब्यावरचा आकडा

फिल्मच्या डब्यावरचा ४०० हा आकडा दिवसाउजेडाचा. लग्नमांडवात तो इमानेइतबारे काम करतो. रात्री शटर दहा मिनिटं उघडं ठेवलं, की फिल्म पेंगायला लागते. दुप्पट वेळ दिला म्हणून दुप्पट उजेड उमटत नाही. कार्ल श्वार्त्सशिल्डनं हे १९०० च्या सुमारास मोजून दाखवलं होतं. कृष्णविवरांच्या गणितात त्याचं नाव झालं ते पुढे.

हैदराबादेत, अंबरपेठेतल्या आमच्या गच्चीवर हे शास्त्र फार उशिरा पोचलं. काकांच्या कॅमेऱ्यात पूर्व जर्मनीची ऑर्वो असायची, नाहीतर उटीची इंदू. निवड कसली, कोठीच्या बाजारात मिळेल ती घालायची.

निवडायची चैन माझ्या वाट्याला आली ती १९९७ च्या हेल-बॉप धूमकेतूच्या वेळी. तेव्हा रोलची पहिली फ्रेम मी मुद्दाम उन्हात काढायचो, शेजारच्या पाण्याच्या टाकीची. त्या फ्रेमवरून माप धरून लॅबवाल्यानं पुढची पट्टी कापायची. नाहीतर काळ्या आकाशात फ्रेमची कड सापडत नाही आणि कात्री थेट शेपटीवरून फिरते. एवढं सांगूनही एकदा, ‘पूरा काला आया साब, प्रिंट नै निकाला.’

हळूहळू कळलं, वेगवान फिल्मपेक्षा न थकणारी फिल्म बरी. फुजीची प्रोव्हिया १००एफ दोन मिनिटं शांतपणे तग धरायची. कोडॅकची एलिट क्रोम २०० तेजोमेघांतल्या हायड्रोजनचा लाल प्रकाश, ६५६ नॅनोमीटरचा, मनापासून टिपायची. मृगातला तेजोमेघ तिच्यावर गुलाबी उमटे. फुजीचीच अ‍ॅक्रॉस दाण्याच्या बारकाईत सरस, पण त्या लालाला जवळजवळ आंधळी.

अर्थात अंबरपेठेत या साऱ्याचा उपयोग बेताचाच. सोडियमच्या दिव्यांखाली फिल्म निवडणं म्हणजे धुकं कोणत्या रंगाचं हवं ते ठरवणं. बेगमपेठच्या निजामिया वेधशाळेनं काचेच्या प्लेटांवरून साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या जागा मोजल्या, ते शहर काळोखं होतं म्हणून. आमच्या शेजारच्या उस्मानिया विद्यापीठालासुद्धा ४८ इंची दुर्बीण शहराबाहेर जापाल-रंगापूरला बसवावी लागली. आधी जागा, मग फिल्म.

भाच्याला त्याचा डिजिटल कॅमेरा पेंगत नाही याचं भारी कौतुक. पण त्याच्या सेन्सरपुढे कंपनीनंच एक फिल्टर बसवलेला असतो आणि नेमका तो लाल प्रकाश तिथे बराचसा अडतो. काढून घे म्हटलं, तर म्हणाला, ‘मामा, वॉरंटी जाईल.’