शून्य एकवीस चौसष्ट

गेल्या दिवाळीत पप्पांनी मी काम करतो त्या कंपनीच्या अ‍ॅपवर आमचं दुकान नोंदवायला घेतलं. कराडला आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. नंबरच्या चौकटीत त्यांनी दुकानाचा लँडलाइन टाकला, कोड लावून. खाली लाल अक्षरं आली : 'कृपया योग्य क्रमांक टाका.'

"अरे, तीस वर्षं हाच नंबर आहे. योग्य नाही म्हणतंय."

तो नियम मीच लिहिला होता. दहा अंक हवेत, पहिला ६ ते ९ पैकी हवा, कारण आपल्याकडचे मोबाइल तसेच सुरू होतात. पाच मिनिटांचं काम. रिव्ह्यूमध्ये कुणी एक प्रश्न विचारला नाही.

रात्री एसटीडी कोड उघडून बसलो. सुरुवातीचा शून्य सोडला, तर कोड आणि नंबर मिळून लँडलाइनचेही दहाच अंक होतात. मुंबई २२, पुढे आठ आकडे. कोल्हापूर २३१, पुढे सात. कराड २१६४, पुढे सहा. म्हणजे मोठ्या शहराला छोटा कोड आणि आत भरपूर फोन. आमच्या जिल्ह्यात सातारा २१६२, फलटण २१६६, वाई २१६७, सगळी एका बाकावर बसल्यासारखी.

पण हा २ राज्यभर चालत नाही. नागपूर ७१२, अमरावती ७२१. विदर्भ तिकडे भोपाळ (७५५) आणि रायपूरच्या (७७१) रांगेत. गोव्याचा ८३२, तो बंगळूरच्या ८० कडे झुकलेला. हे पाहताना माझ्या पोटात गोळा आला. नागपूरच्या दुकानदाराचा लँडलाइन माझ्या नियमातून आरामात आत जाणार होता : दहा अंक, सुरुवात ७ ने. मग तो ओटीपीच्या एसएमएसची वाट बघत बसणार. कराडला निदान तोंडावर नाही म्हटलं होतं.

आमच्या पाटीवर कोड नाहीच. 'फोन' आणि पुढे सहा आकडे. पाटी वाचणारा इथलाच, त्याला कोड कशाला? लहानपणी गल्लीतल्या चार-पाच घरांच्या लग्नपत्रिकांवरही आमचाच नंबर असायचा, पुढे 'पी.पी.' लिहून. दुकानात फोन वाजला की मला पिटाळायचे. मी पळत जाऊन ओरडायचो, "काकू, मुंबईचा फोन!" काकू हात पुसत यायच्या, आणि तोवर पप्पा पलीकडच्या माणसाला पाऊसपाणी विचारत राहायचे.

ही लाइन बंद करा, असं मी चार वर्षं पप्पांच्या मागे लागलोय. मोबाइल आहे, व्हॉट्सअ‍ॅप आहे. दिवसाला एखादा फोन येतो, तोही कधी राँग नंबर. दर महिन्याचं बिल कशासाठी? दिवाळीत परत विषय काढला. या वेळी ते चिडले नाहीत.

"ओळखीच्या गिऱ्हाइकांना मोबाइल दिलाय. पण ज्यांना हा नंबर नुसता पाठ आहे, त्यांना कसं कळवू? ती कोण आहेत, हेच मला माहीत नाही. उसाला पाणी चालू असताना मोटर जळली, तर तो माणूस हाच नंबर फिरवणार."

यावर मला काही बोलता आलं नाही. उत्तर असेल तर ते एक्सेलमध्ये बसणारं नव्हतं.

सुट्टी संपवून पुण्याला आल्यावर लँडलाइनसाठी वेगळी चौकट केली : कोडची यादी, आणि एसएमएसऐवजी फोन करून आकडे सांगायची सोय. पहिली चाचणी घ्यायच्या आधी लाइन चालू आहे का बघावं, म्हणून जेवणाच्या सुट्टीत स्वतःच फिरवला. शून्य एकवीस चौसष्ट, आणि पुढचे सहा आकडे न बघता. तिकडच्या जुन्या डब्यावर कुणाचा फोन ते दिसत नाही.

तिसऱ्या रिंगला उचलला. मागे ग्राइंडर चालू होता.

"हां, बोला," पप्पा म्हणाले. "किती एचपीची आहे?"