दिल्लीच्या गल्लीत इंजिनाची नाडीपरीक्षा

सकाळचे दहा वाजले की जुन्या दिल्लीतल्या काश्मिरी गेट परिसराला कंठ फुटतो. शटरं खडाखडा वर जातात. हातगाड्यांवर रेडिएटर, सायलेन्सर, क्लच प्लेटा लादल्या जातात. चहाचे ग्लास फिरू लागतात आणि मोटारींच्या सुट्या भागांचा हा प्रचंड बाजार जागा होतो. देशभरातले गॅरेजवाले, दुकानदार, ट्रकमालक इथे येतात. मोरी गेटच्या बाजूला ‘गोखले मार्केट’ ही पाटी दिसली की मराठी माणूस क्षणभर थबकतोच!

बाजाराला शेजार मोठा ऐतिहासिक आहे. ज्याच्यावरून या भागाला नाव पडलं, तो दोन कमानींचा दरवाजा इथेच उभा आहे. काश्मीरकडे जाणारा रस्ता इथून निघायचा. 14 सप्टेंबर 1857 रोजी इंग्रजांनी हाच दरवाजा सुरुंगाने उडवला आणि ते शहरात घुसले. गोळ्यांच्या खुणा भिंतींवर आजही दिसतात. जवळच 1836 सालचं सेंट जेम्स चर्च आहे. ते बांधणारा जेम्स स्किनर तरुणपणी दौलतराव शिंद्यांच्या कवायती फौजेत होता. मराठ्यांच्या पदरचा हा शिलेदार याच चर्चमध्ये चिरविश्रांती घेतोय.

पण बाजारात येणाऱ्यांना इतिहासाची सवड नसते. त्यांचे कान दुसऱ्याच आवाजाकडे लागलेले असतात.

‘दिल्ली पासिंग’ गाडी आपल्याकडे कुणाला ठाऊक नाही? राजधानीत दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने बंदी आणली. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. 1 जुलै 2025 पासून अशा गाड्यांना पेट्रोलपंपावर इंधनच न देण्याची मोहीम निघाली आणि लोकांच्या नाराजीमुळे ती काही दिवसांतच आवरती घ्यावी लागली. नियमांची अशी टांगती तलवार असल्याने वय झालेल्या गाड्या ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन परराज्यांत जातात. भाजी, दूध, सिमेंट वाहण्यासाठी स्वस्तात पिकअप शोधणारा माणूस मग दिल्ली गाठतो. साठवलेली पुंजी आणि थोडं कर्ज खिशात असतं. गाडी रंगवून चकचकीत केलेली असते. पण फ्लायओव्हर चढताना बॉनेटखालून पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा ‘टिणटिण’ आवाज येतो. आता काय करायचं? घ्यायची की सोडायची?

पहिला प्रश्न, गाडी पेट्रोलची की डिझेलची? डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेटतं. म्हणून थोडी टकटक हा त्याचा स्वभावच. थंडीच्या सकाळी ती जास्त ऐकू येते, इंजिन तापलं की कमी होते. नेहमीपेक्षा आवाज कर्कश झाला, सोबत काळा किंवा पांढरा धूर आला, तर नॉझल किंवा पंपाचं टायमिंग यांच्याकडे बोट जातं.

पेट्रोल इंजिनाची गोष्ट वेगळी. प्लगची ठिणगी पडते आणि ज्वाला सिलिंडरभर शिस्तीत पसरते. पण कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आधीच आपोआप भडकलं, तर दाबाच्या लाटा धातूवर आदळतात. तोच हा नॉकिंगचा आवाज. तो दीर्घकाळ चालू राहिला तर पिस्टन जळतो, रिंगा तुटतात, हेड गॅस्केट जातं.

पूर्वी यावर उपाय होता शिशाचा! 1921 मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली या संशोधकाने पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घातलं आणि नॉकिंग थांबलं. पण तेच शिसं धुरातून मुलांच्या रक्तात उतरू लागलं. 1 एप्रिल 1995 पासून दिल्लीसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आलं. 1998 मध्ये दिल्लीतून आणि 2000 मध्ये सबंध देशातून शिशाला निरोप मिळाला. इंजिनाची शांतता मुलांच्या आरोग्याच्या मोलाने विकत घेतली जात होती, हे जगाला फार उशिरा कळलं.

1998 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या बसगाड्या सीएनजीवर नेण्याचा आदेश दिला. पाठोपाठ रिक्षा आणि छोट्या मालगाड्याही गॅसवर आल्या. सीएनजी सहसा नॉकिंग करत नाही. पण तो पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो. म्हणून किट बसवताना ठिणगी थोडी आधी पडावी, अशी टायमिंगची जुळणी अनेकदा केली जाते. मग गॅस संपला आणि गाडी पेट्रोलवर आली की टिणटिण सुरू! दिल्लीची गाडी घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवायलाच हवं. आवाज फक्त पेट्रोलवर येत असेल, तर इंजिन खोलण्याआधी टायमिंग तपासावं. दोष कदाचित किरकोळ खर्चातच निघेल.

मुरलेला मिस्त्री लगेच पाने हातात घेत नाही. आधी तो ऐकतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावतो, डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखी! अर्थात पंख्यापासून आणि पट्ट्यापासून हात, बाही दूर ठेवूनच. वरच्या भागातून हलकी, लयीत टिकटिक आली तर टॅपेट. थंड असताना खडखड आणि तापल्यावर शांतता असेल, तर पिस्टन सैल. खालून जड ‘ठकठक’ येत असेल आणि ऑइलचा दिवा लुकलुकत असेल, तर बेअरिंग गेलं. अशी गाडी एक मैलही चालवू नये. पण चढावर, वरच्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर दाबल्यावरच टिणटिण होत असेल आणि पाय काढताच थांबत असेल, तर ते खरं नॉकिंग.

मग स्वस्ताकडून महागाकडे जायचं. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल संपवून भरवशाच्या पंपावर भरावं. रॉकेलच्या भेसळीने ऑक्टेन घसरतो आणि नॉकिंग वाढतं. आता मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा ऑक्टेन पूर्वीपेक्षा जास्त आहे, पण जुन्या रबरी नळ्या आणि गॅस्केटांना ते मानवत नाही, म्हणून त्या तपासाव्यात. नंतर रेडिएटर, थर्मोस्टॅट, कूलंट बघावं. दिल्लीत जूनमध्ये पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा तापलेली हवा नॉकिंगला आमंत्रणच देते. त्यानंतर प्लग कंपनीने सांगितलेल्या नंबरचेच आहेत का, टायमिंग बरोबर आहे का, ते पाहावं. नव्या गाडीत नॉक सेन्सर असतो, त्याची वायर पाहावी. एवढं करूनही आवाज राहिला, तर सिलिंडरमध्ये कार्बन साचला असेल. हेड खोलण्याचा खर्च मात्र सगळ्यात शेवटी.

पश्चिम दिल्लीतल्या मायापुरीत या साऱ्या निष्काळजीपणाचा शेवट बघायला मिळतो. भंगारात काढलेल्या गाड्यांची इंजिनं तिथे ढिगाने पडलेली असतात. कुठे पिस्टनला भोक, कुठे मोडलेला कनेक्टिंग रॉड. कधीतरी त्यांनीही मालकाला आवाज देऊन सावध केलं असेल!

म्हणून दिल्लीला पिकअप घ्यायला जाणाऱ्याने एक पथ्य पाळावं. मालकाला आधीच फोन करून सांगावं, ‘गाडी सुरू करून ठेवू नका.’ थंड इंजिन स्वतःच्या कानांनी सुरू होताना ऐकावं. मग माल भरून ती एखाद्या फ्लायओव्हरवर चढवून पाहावी, आधी गॅसवर, नंतर पेट्रोलवर. कागदांवरची नोंदणीची तारीख आणि ना-हरकत प्रमाणपत्र नीट वाचावं. रंगाला भुलू नये. घरची चूल ज्या चाकांवर पेटणार आहे, त्यांचं इंजिन काय सांगतंय ते अर्धा तास निवांत ऐकावं. त्या अर्ध्या तासावर पुढची कित्येक वर्षं अवलंबून असतात.