सरडा पळाला की खूण टाका!

सरडा! हो हो, सरडाच! चाळकेवाडीहून परत आल्यापासून मी भेटेल त्याला हेच सांगतेय. आई झाली, मैत्रिणी झाल्या, मेसच्या काकूंनाही सगळी गोष्ट पाठ झाली. आता तुमची पाळी. बसा जरा!

आधी एक सांगून टाकते. मला यातलं फारसं काही कळत नाही. मी एमएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या पहिल्या वर्षाला आहे. आमचे सजीव बहुतेक नळीत असतात. पक्षी, गवत, सरडे ही सगळी इकॉलॉजीवाल्यांची माणसं, असं आम्ही धरूनच चालतो. त्यामुळे जैवविविधता आणि शाश्वत विकासावरच्या संशोधनाची ओळख म्हणून सगळ्या जीवशास्त्राच्या पोरांना एकत्र चाळकेवाडीच्या पठारावर न्यायचं ठरलं, तेव्हा मी टोपी आणि पाण्याची बाटली घेतली, बाकी डोक्यात काहीच नव्हतं.

सातारा सोडायचं, ठोसेघर मागे टाकायचं आणि वर चढत राहायचं. समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्याही वर! उन्हाळ्याचे दिवस. जांभ्याचा तापलेला कातळ, वाळलेलं गवत, भन्नाट वारा आणि पवनचक्क्या. जिकडे मान वळवाल तिकडे पवनचक्क्या! पाऊस ओसरताना अशाच पठारांवर फुलांचे गालिचे असतात, ते कास पठारामुळे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आत्ता? काहीच नाही. अशा खडकाळ जमिनीची नोंद 'पडीक' म्हणून होते, आणि तिथे उभं राहिलं की ते पटतंसुद्धा!

आणि मग आम्हाला घेऊन आलेल्या मॅडम म्हणाल्या, "त्या दगडाकडे बघा." बघितलं. दगड. "नीट बघा." दगडच! आणि मग त्या दगडावरचा एक मातकट तुकडा हलला, मान वर झाली, आणि मग त्याने गळ्याखालचा पंखा उघडला! निळा! काळा! नारिंगी! एवढ्याशा जिवाच्या गळ्यात इतके झगझगीत रंग, उघडले, मिटले, पुन्हा उघडले, आणि आम्ही सगळे जागच्या जागी गप्प. विणीचा हंगाम होता आणि नर माद्यांना बोलावत होते. त्या पडीक जमिनीवर!

या सरड्याचं नाव सराडा सुपर्बा. आणि ऐका, ही जाती विज्ञानाला नवी म्हणून नोंदली गेली ती 2016 साली! मी तेव्हा शाळेत होते! त्याआधी 2008 मध्ये साताऱ्याचंच नाव दिलेली एक पाल याच भागातून नोंदली गेली होती, तीही दगडांखाली राहते. म्हणजे आपल्या घरापासून काही तासांवर, ज्या दगडांवर लोक बसून डबा खातात, त्यांच्यावर आणि त्यांच्याखाली जगाला ठाऊक नसलेले प्राणी राहत होते. मला कोणी सांगितलं का नव्हतं हे?

पण खरी गंमत तर पुढेच आहे! मारिया ठाकर, अमोद झांब्रे आणि हर्षल भोसले या तिघांनी याच पठारावर एक अभ्यास केला. पवनचक्क्या असलेला भाग आणि जवळचाच पवनचक्क्या नसलेला भाग, दोन्हींची तुलना. तो 2018 मध्ये 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन'मध्ये छापून आला आणि चाळकेवाडीचा सरडा जगभर पोचला. त्यांना काय दिसलं? पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी! पक्षी कमी, म्हणून सरड्यांवरचे हल्ले कमी, आणि मग सरडे वाढले, आणि मग त्यांची भीती कमी झाली, माणूस बराच जवळ आला तरी ते पळेनात, आणि मग गर्दी झाली म्हटल्यावर खाण्यावरून चढाओढ आली, सरडे रोडावले, आणि मग, हे वाचून मी अक्षरशः उठून उभी राहिले, नरांच्या गळ्यावरचे रंगसुद्धा फिके पडले! पातं फिरतं आकाशात आणि रंग उतरतो जमिनीवरच्या सरड्याचा! अभ्यासकांचं म्हणणं असं की अन्नसाखळीच्या टोकाला बसलेला सगळ्यात मोठा शिकारी जे करतो, ते इथे पवनचक्की करते आहे.

आणि भीती मोजली कशी असेल? एक रीत तर इतकी साधी आहे की ती ऐकून मी हसायलाच लागले! सरड्याच्या दिशेने एका संथ चालीने चालत जायचं. तो पळाला की तिथल्या तिथे थांबायचं, खूण टाकायची, आणि तो जिथे बसला होता तिथपर्यंत टेपने अंतर मोजायचं. बस! आम्हीही करून बघितलं! सरड्याला हात लावायचा नाही, त्याला पकडायला रीतसर परवानगी लागते. पण चालायला कोण अडवतंय? एक जण चालतो, एक जण टेप धरतो, एक जण वहीत लिहितो, आणि तुम्हाला सांगते, श्वास रोखून चालत जाताना आपल्याच छातीतली धडधड ऐकू येते!

अभ्यासाची दुसरी बाजू तर थेट माझ्या ओळखीची निघाली. सरड्यांच्या रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन मोजलं होतं. ताणाचं संप्रेरक! पवनचक्क्यांच्या भागातल्या सरड्यांमध्ये ते कमी होतं. संप्रेरक मोजणं म्हणजे आमच्याच टेबलावरचं काम की! आमच्या बायोकेमिस्ट्रीला या पठारावर इतकी मोठी जागा आहे, मायक्रोबायोलॉजीवाल्यांना मातीत आहे, बॉटनीवाल्यांना तर पाय ठेवायला जागा नाही इतकी आहे, आणि आम्ही सगळे वेगवेगळ्या मजल्यांवर बसून एकमेकांना ओळखतसुद्धा नाही!

आता तुम्ही विचाराल, मग पवनचक्क्या काढायच्या का? आम्हीही तेच विचारलं, आणि त्यावरून परतीच्या बसमध्ये जोरदार भांडलो! मला वाटतं, काढायच्या नाहीत. वीज हवी आहे, आणि कोळसा जाळण्यापेक्षा वारा बरा. पण त्या कुठे उभ्या करायच्या हे ठरवण्याआधी तिथे कोण राहतं ते बघायला हवं ना! 'इथे काही नाही' असं लिहून टाकणं सोपं असतं. त्या 'काही नाही'मध्ये निळ्या-नारिंगी गळ्याचा सरडा होता, त्याला खाणारा पक्षी होता आणि पिढ्यान्पिढ्या तिथे गुरं चारणारी माणसंही होती.

तिथेच गुरं घेऊन आलेले एक मामा भेटले. मॅडमनी त्यांना विचारलं, "मामा, घारी-ससाणे कुठे बसायचे पूर्वी?" आणि मग मामा जे सुरू झाले! कुठला सुळका, कुठला महिना, कुठल्या झऱ्याला पाणी कधी आटतं! मॅडम भराभर लिहून घेत होत्या. तेव्हा कळलं की 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी, आणि मामा सांगत होते तीच माहिती त्या वहीत यायला हवी. तुमच्या गावात ती वही आहे का? विचारलंय कधी? मी आमच्या गावी फोन करून विचारलं! ग्रामसेवक शोधून सांगतो म्हणालेत, मी पुन्हा फोन करणार आहे!

तर आता तुमचं काय? तुम्ही शिकवत असाल, तर एक प्रॅक्टिकल पठारावर घ्या, आणि सगळ्या विभागांची पोरं एकाच गाडीत भरा. तुम्ही शिकत असाल, तर मागे लागा सरांच्या! टेप, वही, टोपी आणि भरपूर पाणी एवढंच लागतं. सरड्यांचे रंग बघायचे तर उन्हाळ्यात जा, फुलं बघायची तर पाऊस ओसरताना. चालताना कातळावरच्या खोलगट जागा टाळा, त्यांतल्या मूठभर मातीत पुढच्या पावसाची झाडं झोपलेली असतात. आणि दगड उलटू नका. चुकून हललाच, तर होता तसाच, त्याच बाजूने, हलक्या हाताने परत ठेवा. खाली कोणीतरी राहतंय!