झटकता न येणारा गालिचा

लीड्समधल्या आमच्या जिन्यावरचा जुना गालिचा अखेर काढला. फोनवर सांगितलं, तर भालकीहून आईनं विचारलं, "खिळे ठोकलेली सतरंजी झटकायची कशी गं मग?" व्हॅक्यूम फिरवतात, हे उत्तर तिला पटलं नाही. मलाही ते कधीच पटलेलं नाही.

आमच्या भागात घरात, पायरीवर शहाबादी फरशी. शहाबाद, चित्तापूर, सेडमकडचा हा चुनखडीचा दगड थराथरानं सुटतो, म्हणून त्याच्या सपाट लाद्या निघतात. ओल्या फडक्यानं नि पावलांनी तो वर्षागणिक गुळगुळीत होतो. सतरंजी पाहुणा आला की अंथरायची, उठला की झटकून घडी घालायची. फरशी रोज पुसायची, सणावाराला धुवायची. इथली थंडी वेगळी, मान्य. गालिच्यानं आवाज दबतो, पाय घसरत नाही, हेही खरं. तरी जे उचलून उन्हात टाकता येत नाही ते पायाखाली नसावं, असं माझं ठाम मत आहे.

काढणाऱ्यांनी वरच्या पायरीपासून सुरुवात करावी. कडेच्या लाकडी पट्ट्यांवर टोकदार खिळे वर तोंड करून असतात, तेव्हा जाड हातमोजे हवेतच. गालिचा तुकड्यातुकड्यानं कापून गुंडाळा. खालच्या फोमचा भुगा उडतो, म्हणून मास्क लावा. स्टेपलच्या पिना पकडीनं एकेक उपटाव्या लागतात, सगळा वेळ त्यातच जातो. आणि जुन्या घरातला रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. तपासायचा संच दुकानात मिळतो. लहान मुलं असतील तर हे आधी करा.

आमच्या पायऱ्यांच्या दोन्ही कडा रंगवलेल्या निघाल्या, मधला पट्टा कोरा, आणि कोपऱ्यांत स्क्रूची भोकं. पूर्वी इथंही मधोमध अरुंद पट्टाच अंथरत, पितळी दांड्यांनी दाबून. दांड्या काढल्या की तो बाहेर नेऊन बदडता यायचा. पट्टा मुद्दाम थोडा लांब घेत आणि अधूनमधून वरखाली सरकवत, म्हणजे पायरीच्या कडेवर एकाच जागी विरत नसे. भिंतीपासून भिंतीपर्यंत ठोकलेला गालिचा घरोघर पोचला तो नंतर. म्हणजे आईची रीत इथल्या बायकांचीही होती.

पितळी दांड्या अजून विकत मिळतात. घरात म्हातारी माणसं असतील तर लाकूड उघडं ठेवू नका, असा पट्टा बसवा.