साहेब बदलून गेले!

'तुमची फाइल ज्यांच्याकडे होती ते साहेब बदलून गेले. नवीन अजून आले नाहीत.'

हे वाक्य मी आणि बाबांनी दोन वर्षांत तीनदा ऐकलंय. बाबांनी रिटायरमेंटच्या पैशांतले चार लाख एका घसघशीत व्याजाच्या स्कीममध्ये टाकले. सहा महिने व्याज आलं, मग स्कीमवाल्यांचे फोनच लागेनात. गुन्हा दाखल झाला. पण तपास करणारं ऑफिस म्हणजे निम्म्या रिकाम्या खुर्च्या आणि कपाटावर छताला टेकलेले फाइलींचे गठ्ठे. दर वेळी बाबा नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगतात. पावत्या, पासबुक, एजंट... तिसऱ्या वेळी त्यांचा आवाजच उतरला होता.

मी जाम भडकले होते. 'पगार कशाचा घेतात ही माणसं?' हा माझा ठरलेला डायलॉग!

मग एका लेखासाठी लंडनच्या सीरियस फ्रॉड ऑफिसची, म्हणजे एसएफओची माहिती काढत बसले. म्हटलं, तिकडे सगळं चकाचक असणार. १९८८मध्ये सुरू झालेली ही सरकारी संस्था. मोठ्या घोटाळ्यांचा तपासही तीच करते आणि खटलाही तीच चालवते. वकील, अकाउंटंट, तपास अधिकारी, सगळे एकाच टीममध्ये. पण २००८च्या मंदीनंतर सरकारने हात आखडता घेतला. पाच कोटी पौंडांच्या आसपासचं वर्षाचं बजेट काही वर्षांत साडेतीन कोटींच्या घरात आलं.

आपल्या ऑफिसात कॉस्ट कटिंग आलं की आधी चहाबरोबरची बिस्किटं बंद होतात, मग माणसं जातात. तपास करणाऱ्या ऑफिसात कापायला बिस्किटांखेरीज असतात ती माणसंच! आणि आधी कोण जातं? ज्याला बाहेर चांगली नोकरी मिळू शकते तो. म्हणजे नेमका अनुभवी माणूस.

मार्च २०११मध्ये एसएफओने आइसलंडच्या एका बुडालेल्या बँकेच्या प्रकरणात चेंगीझ बंधू या बड्या प्रॉपर्टी व्यावसायिकांवर छापे टाकले. जुलै २०१२मध्ये लंडनच्या हायकोर्टाने ते बेकायदा ठरवले. वॉरंट मिळवताना जजसमोर ठेवलेली माहितीच चुकीची होती. अशा संस्थेकडे पुरेशी माणसं आणि पैसा हवा, हेही कोर्टाने सुनावलं. २०१४मध्ये दोघा भावांना मिळून ४५ लाख पौंड भरपाई द्यावी लागली, वर त्यांचा कोर्टाचा खर्च वेगळा. घ्या, झाली बचत!

२०१२मध्ये लायबोर या व्याजदराच्या घोटाळ्याचा तपास हाती घेतला, तेव्हा सरकारने त्या केसपुरता जादा पैसा दिला. ऐकायला मस्त. पण केसपुरत्या पैशात माणसंही केसपुरतीच येतात. कॉन्ट्रॅक्ट संपलं की ती जातात आणि त्यांच्या डोक्यातली फाइलही जाते. शेवटी २०१८मध्ये नेहमीचं बजेटच पुन्हा पाच कोटींच्या वर नेलं, कायमची माणसं नेमता यावीत म्हणून.

हे वाचताना मला सारखे ते गठ्ठे आठवत होते. खुर्ची रिकामी ठेवली की पगार वाचतो, तो त्याच महिन्यात हिशोबात दिसतो. नुकसान मात्र कुठल्याच कागदावर येत नाही. ते बाबांसारखा कुणीतरी बाकावर बसून सोसत असतो. आणि मी दोन वर्षं चिडत होते ती समोर बसलेल्या एकट्या माणसावर. शेजारच्या तीन रिकाम्या खुर्च्यांबद्दल मी कुणाला जाब विचारलाच नव्हता.

परवा पुन्हा गेलो. या वेळी मी सगळी हकिगत तारखांसकट दोन पानांत टाइप करून नेली होती. नव्या मॅडम आल्या होत्या. त्यांनी पानं वाचली, फाइलीला सगळ्यात वर लावली आणि म्हणाल्या, 'हे बरं केलंत. नंतर येणाऱ्यालाही उपयोगी पडेल.'

बाबांनी चष्मा काढला. 'मॅडम, तुम्ही आहात ना पण इथेच?'

त्या हसल्या. 'बघू या काका, ऑर्डर काय येते ते.'

मी अजून एक झेरॉक्स काढून ठेवलीये.