स्वस्त कुऱ्हाड

कुऱ्हाडीसारख्या आडदांड वस्तूविषयीं कौटुंबिक मासिकांत कांहीं लिहावें, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. ज्या घरांत गॅसची शेगडी आहे आणि न्हाणीघरांत विजेवर पाणी तापतें, तेथें कुऱ्हाडीचें काय प्रयोजन, असा प्रश्न कोणीहि करील. परंतु आमच्यासारखीं अनेक कुटुंबें अशीं आहेत, कीं ज्यांचा अर्धा संसार शहरांत आणि अर्धा कोंकणांतील जुन्या घरांत विभागलेला असतो. त्या जुन्या घरीं न्हाणीची चूल अद्यापि लांकडांवरच पेटते. शिवाय हल्लींच्या तरुण मंडळींस डोंगरांत तंबू ठोकून रात्र काढण्याची हौस आहे, आणि शेकोटीसाठीं एखादी लहान कुऱ्हाड बरोबर असावी, असें त्यांतील बहुतेकांस वाटतें. तेव्हां स्वस्त आणि कामाची कुऱ्हाड कशी निवडावी, याविषयीं आम्हांस जें कळलें तें सांगणें अगदींच अस्थानीं होणार नाहीं. तें आम्हांस उशिरां कळलें, आणि कळण्यापूर्वीं घरांत एक मोठा अनर्थ होतां होतां टळला, म्हणूनच तर तें सांगावयाचें.

गेल्या दिवाळींत आमचा नातू सुटीला गांवीं आला होता. तो पुण्यास महाविद्यालयांत शिकतो. मार्गशीर्षांत मित्रांसह सह्याद्रींत दोन रात्री राहावयाचा त्याचा बेत होता. "आबा, एक चांगलीशी कुऱ्हाड घेऊं या, पण फार महाग नको," असें तो म्हणाला. घरचीं लांकडें फोडणारा जुना गडीहि आतां थकला आहे. तेव्हां एकाच कुऱ्हाडींत दोन्ही कामें भागतील, असा हिशेब करून आम्ही नातवास घेऊन तालुक्याच्या बाजारांत गेलों. एका दुकानाच्या दारालाच कुऱ्हाडी टांगलेल्या होत्या. आरशासारखीं चकचकीत पातीं, आणि तांबड्या रंगानें रंगविलेले गुळगुळीत दांडे! दुकानदारानें साडेतीनशें रुपये सांगितले. आम्हीं घासाघीस करून तीनशेंस सौदा ठरविला, आणि पन्नास रुपये वांचविल्याची कथा त्या रात्रीं जेवतांना दोनदां सांगितली.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं नातू मागील अंगणांत आंब्याचें वाळलेलें लांकूड फोडीत होता. आम्ही पायरीवर वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों. पत्नी चहा घेऊन बाहेर आली, आणि नेमका त्याच क्षणीं वर गेलेला दांडा खालीं आला तो रिकामाच. पातें सुटून तिच्या पदराजवळून गेलें आणि तुळशीवृंदावनाच्या चौथऱ्यावर आदळलें. जांभ्या दगडाचा एक कोपरा तुटून पडला. तिच्यांत आणि त्या कोपऱ्यांत हातभर अंतर होतें. नातवाच्या तोंडून शब्द फुटेना; आमचीहि तीच स्थिति झाली. पत्नी मात्र वांकली, पातें उचलून तिनें तें आमच्या वर्तमानपत्रावर आणून ठेविलें, आणि "पन्नास रुपये वांचले ना?" एवढेंच विचारून ती आंत गेली.

दुसऱ्या दिवशीं तें पातें आणि तो दांडा पिशवींत घालून आम्ही शेजारच्या वाडींतील लोहाराकडे गेलों. जावें कीं न जावें, असें मनांत बराच वेळ चाललें होतें. कारण हा लोहार पूर्वीं आमचा विद्यार्थी होता. संस्कृत त्यास जमत नसे. एकदां 'राम' शब्द चालवितांना तो तृतीयेशींच अडखळला, तेव्हां आम्ही भर वर्गांत बोलून गेलों होतों, "शब्द चालवितां येत नाहींत, तर घरीं जाऊन भाता तरी नीट चालीव." वर्ग हंसला होता. पुढील वर्षीं तो शाळेंत आला नाहीं. त्याचें कारण घरचें दारिद्र्य असेल, किंवा दुसरें कांहीं असेल. आम्हीं कधीं चौकशी केली नाहीं.

आम्हांस पाहतांच त्यानें गोणपाट झटकून अंथरलें. "बसा, गुरुजी," म्हणाला. आम्हीं पिशवी पुढें केली. त्यानें पात्याच्या चकाकीकडे पाहिलेंहि नाहीं. पातें डोळ्याशीं धरून, दांडा बसवावयाच्या भोंकांतून त्यानें आकाशाकडे पाहिलें आणि विचारलें, "गुरुजी, घेतांना ह्यांतून पाहिलं होतंत?"

आम्हीं पाहिलें नव्हतें. त्या चकचकीत पात्यांत आम्हीं आमचें तोंड तेवढें पाहिलें होतें.

मग त्यानें आम्हांस एकेक गोष्ट समजावून दिली. चांगल्या कुऱ्हाडीचें भोंक वरच्या बाजूस किंचित् रुंद असतें. दांडा खालून घालावयाचा आणि त्याच्या टोंकाला पाडलेल्या चिरेंत लांकडाची पाचर ठोकावयाची, म्हणजे दांड्याचें तोंड वर फांकतें व पातें निसटूं शकत नाहीं. कुदळीचें आणि टिकावाचें याच्या उलट असतें. तेथें दांडा वरून ओंवतात, आणि घावागणिक तो अधिकच घट्ट बसतो. आमच्या कुऱ्हाडीचें भोंक नळीसारखें सरळ होतें. दांडा त्यांत सैल होता. राहिलेली फट लुकणानें बुजवून वर तांबडा रंग फांसलेला होता. आणि पाचरेच्या जागीं एक खिळा होता.

दुसरी परीक्षा दांड्याची. लोहारानें रंग खरवडला, तेव्हां खालीं हलकें, मऊ लांकूड निघालें, आणि त्याच्या रेषा तिरप्या जात होत्या. दांड्यांत रेषा या टोंकापासून त्या टोंकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. तिरप्या असल्या तर दांडा केव्हां तरी त्या रेषेवरच मोडतो. टोंकाशीं पाहिलें असतां त्या धारेच्या दिशेनें असाव्या, आडव्या नसाव्या. गांठ मुळींच नसावी. लांकूड चिवट व लवचिक हवें, म्हणजे घावाचा हिसका हाताला कमी बसतो. आपल्याकडे याकरितां धामण आणि तिवस हीं नांवाजलेलीं लांकडें; देशावर बाभळीचा दांडा घालतात; इंग्लंडांत ॲश आणि अमेरिकेंत हिकरी वापरतात. रंग दिलेला दांडा शक्यतों घेऊंच नये. रंगाखालीं काय आहे तें दिसत नाहीं, आणि घाम आला म्हणजे तो हातांतून निसटतो.

तिसरी परीक्षा पोलादाची. धारेच्या कोपऱ्यावर कानस फिरवून पाहावी. ती मुळींच न धरतां घसरून गेली, तर पोलाद फार कठीण समजावें. असें पोलाद ठिसूळ असतें, आणि गांठीवर घाव बसला कीं त्याचा टवका उडतो. कानस अगदीं सहज रुतली, तर तें नुसतें मऊ लोखंड. त्याची धार पहिल्या ओंडक्यालाच वळते. कानस थोडी थोडी धरून चालली, म्हणजे पाणी योग्य दिलेलें आहे. कुऱ्हाडीच्या पोलादांत कर्बाचें प्रमाण शेंकडा अर्ध्याच्या जरा वर असावें लागतें. त्याहून फारच कमी असेल, तर कितीहि पाणी दिलें तरी लोखंड कठीण होत नाहीं. मोटारीच्या कमानीचे पाटे अशाच पोलादाचे असतात, म्हणून खेड्यांतील लोहार ते वापरतात. आमचें पातें दुसऱ्या जातीचें, म्हणजे मऊ निघालें.

चौथी परीक्षा सर्वांत सोपी. कुऱ्हाड उचलून, एक डोळा मिटून, दांड्याच्या टोंकाकडून धारेकडे पाहावें. धारेची रेघ दांड्याच्या मधोमध आली पाहिजे. ती एकीकडे कललेली असेल, तर प्रत्येक घाव वांकडा जाईल.

या चार परीक्षांस मिळून पांच मिनिटेंहि लागत नाहींत. तृतीया विभक्ति शिकवितांना 'कुऱ्हाडीनें लांकूड तोडतो' हें उदाहरण आम्हीं किती वर्षें फळ्यावर लिहिलें असेल! न्यायशास्त्रांतहि करण म्हणजे काय, हें सांगतांना कुठाराचेंच उदाहरण देतात. कुठार हें करण, लांकडाशीं त्याचा संयोग हा व्यापार आणि छेद हें फळ. हें सर्व आम्हांस मुखोद्गत होतें. परंतु करणाच्या भोंकांतून पलीकडे पाहावें, हें कधीं सुचलें नाहीं. इसापनीतींतील लांकूडतोड्यानें सोन्याची कुऱ्हाड नाकारून लोखंडाची मागितली, ही गोष्ट आम्हीं मुलांस प्रामाणिकपणाचा धडा म्हणून सांगत आलों. तो मनुष्य प्रामाणिक होता हें खरेंच. पण सोन्यासारख्या मऊ धातूनें लांकूड तुटत नाहीं, हेंहि त्यास ठाऊक असलें पाहिजे.

एका कुऱ्हाडींत दोन कामें भागविण्याचा आमचा हिशेबहि चुकीचाच होता. घरीं ओंडके फोडण्यासाठीं सव्वा ते दीड किलो वजनाचें, गालांत जाड असें पातें आणि सुमारें अडीच फूट दांडा हवा. जाड पातें पाचरेप्रमाणें लांकूड फांकवितें. पातळ पातें रुतून बसतें. बरोबर न्यावयाची असेल तर सहाशें-सातशें ग्रॅमचें पातें आणि सवा फुटाचा दांडा पुरे. मात्र लहान कुऱ्हाड निरुपद्रवी असते, हा समज खोटा आहे. लांब दांड्याचा घाव चुकला तर तो बहुधा जमिनींत जातो. आंखूड दांड्याचा चुकलेला घाव गुडघ्याकडे वळतो. म्हणून लहान कुऱ्हाड गुडघे टेकून, लांकूड ठोकळ्यावर ठेवून चालवावी. आणि कोणतीहि कुऱ्हाड चालवितांना पुढें-मागें दहा पावलांत कोणी नसावें. ही शेवटची सूचना आमच्या अंगणांत कोणास नव्यानें द्यावयाची गरज राहिलेली नाहीं.

दांडा सैल झाला म्हणजे रात्रभर पाण्यांत ठेवण्याची रीत पुष्कळ घरीं आहे. लोहाराच्या मतें ती वाईट. लांकूड फुगून तेवढ्यापुरतें घट्ट होतें, पण भोंकांत दाबलें गेल्यामुळें वाळल्यावर पूर्वींपेक्षांहि सैल पडतें. त्यापेक्षां नवी पाचर ठोकावी आणि दांड्यास जवसाचें तेल पाजावें. धारहि घरीं कानशीनें लावावी. विजेच्या चाकावर घाई केली तर पातें तापतें, आणि धारेवर निळी झांक आली कीं तेथील पाणी उतरलें म्हणून समजावें.

नातवास आम्हीं आणखी एक गोष्ट बजावली. राखीव जंगलांत झाड तोडणें, लांकूड उचलणें आणि विस्तव पेटविणें हे 1927 च्या वन-कायद्यान्वयें गुन्हे आहेत. तेव्हां जेथें मुक्कामाची व शेकोटीची परवानगी असेल तेथेंच उतरावें, पायथ्याच्या गांवांतून वाळलेलीं लांकडें पैसे देऊन घ्यावीं, आणि कुऱ्हाडीचा उपयोग तीं बारीक करण्यापुरताच करावा. घरच्या आवारांतहि मन मानेल तशी कुऱ्हाड घालतां येत नाहीं. महाराष्ट्रांतील 1964 च्या कायद्याप्रमाणें आंबा, फणस, साग अशीं झाडें स्वतःच्या जमिनींतलीं असलीं तरी त्यांच्या तोडीस परवानगी लागते. यज्ञांतील यूपासाठीं झाड तोडावयाचें असे, तेव्हां आपले पूर्वज पहिल्या घावाच्या जागीं दर्भाची काडी ठेवून, या झाडास दुखवूं नकोस, अशी कुऱ्हाडीचीच प्रार्थना करीत. ज्यांस यज्ञासाठींहि झाड तोडतांना संकोच वाटला, त्यांच्या वंशजांनीं शेकोटीच्या गंमतीसाठीं ओली फांदी तोडूं नये.

लोहारानें आठ दिवसांनीं कमानीच्या पाट्याचें नवें पातें घडवून, धामणीचा दांडा घालून, घरची कुऱ्हाड तयार केली. पातें काळें आणि ओबडधोबड आहे. फक्त धारेची दोन बोटें तेवढीं चमकतात. त्यानें साडेसहाशें रुपये सांगितले. या वेळीं आम्हीं घासाघीस केली नाहीं. बाजारची कुऱ्हाड तीन दिवस टिकली, म्हणजे दिवसास शंभर रुपये पडले. ही आमच्यामागें नातूहि वापरील. स्वस्त कोणती, तें वाचकांनींच ठरवावें. काटकसर करावयाची ती रंगांत आणि चकाकींत करावी. भोंक, दांडा आणि पोलाद यांत करूं नये. या तीन गोष्टी नीट असतील तर बाजारांतील तीनशेंची कुऱ्हाडहि बिनदिक्कत घ्यावी.

पैसे देतांना आम्ही धीर करून म्हणालों, "अरे, फार वर्षांपूर्वीं वर्गांत मी तुला एक बोललों होतों. तें बोलावयास नको होतें."

त्यानें नोटा मोजून खिशांत ठेविल्या. मग कोपऱ्यांतल्या पंख्याकडे बोट दाखवून, किंचित् हंसून तो म्हणाला, "आतां भाता विजेवर चालतो, गुरुजी. मला चालवावा लागत नाहीं."

म्हणजे तें त्याच्या लक्षांत होतें. आम्ही कांहींच बोलूं शकलों नाहीं. निघतांना त्यानें नातवासाठीं लहान कुऱ्हाडहि घडवून देण्याचें कबूल केलें, आणि "मुलाला एकदां इकडे पाठवा, कशी धरायची तें दाखवतो," असें सांगितलें. दुसऱ्याच दिवशीं आम्ही नातवास घेऊन गेलों, आणि तो शिकत असतां आम्हीहि त्याच्या शेजारीं उभे राहून शिकलों.

चौथऱ्याचा तुटलेला कोपरा अद्यापि तसाच आहे. पत्नी तो बुजवूं देत नाहीं. कुऱ्हाड घेतांना दुकानदारास आम्हीं पहिला आणि एकच प्रश्न विचारला होता, "कितीला?" तो प्रश्न विचारूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. पण तो सर्वांत शेवटीं विचारावा.